गव्हाऐवजी बदाम-अक्रोडाची पूड: ग्लुटेन सोडणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासूनचे मार्गदर्शन

गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या सीलिॲक आजाराचे निदान झाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मी माझ्या नेहमीच्या केकमधला अडीचशे ग्रॅम मैदा काढला आणि त्याच्या जागी अडीचशे ग्रॅम बदामाची पूड घातली. बाकी लोणी, दूध, साखर, अंडी सारे होते तसेच ठेवले. ओव्हनमधून जे बाहेर आले त्याच्या कडा करपल्या होत्या, मधोमध खड्डा पडला होता आणि साच्यातला कागद उचलला तेव्हा तो तेलाने पारदर्शक झालेला होता. पुढे कित्येक महिने चुका करत जे शिकलो ते एका वाक्यात सांगायचे, तर सुकामेव्याची पूड हे पीठ नव्हे. आपल्या भाषेने हा भेद केव्हाच केलेला आहे. गव्हाचे पीठ, मिऱ्याची पूड, डाळीची भरड आणि दाण्याचे कूट असे आपण म्हणतो, आणि दाण्याचे कूट हाताला लागताच त्याचा तेलकटपणा जाणवतो. बाजारातल्या पाकिटावर ‘बदामाचे पीठ’ असे छापलेले असले, तरी स्वयंपाकघरात शिरताना ते कुटाचे भावंड आहे हे मनात ठेवा, म्हणजे पुढच्या बहुतेक चुका टळतील.

१. आधी तपासणी, मग पथ्य

पोटाच्या तक्रारींमुळे सीलिॲकची शंका असेल आणि अजून तपासणी झाली नसेल, तर गहू आजच सोडू नका. या आजाराच्या रक्ततपासणीत ग्लुटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचा शोध घेतला जातो. ग्लुटेन खाणे आधीच थांबवले, तर त्यांचे प्रमाण उतरते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. नंतर निदान पक्के करायचे म्हटले, तर पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास सोसावा लागतो. म्हणून डॉक्टरांना भेटा, तपासणी पूर्ण करा आणि त्यानंतरच डबे रिकामे करा.

निदान झालेच, तर पथ्य काटेकोर आणि आयुष्यभराचे असते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० मध्ये मांडलेल्या प्रबंधात गहू आणि हा आजार यांचा संबंध स्पष्ट केला. ग्लुटेन केवळ गव्हातच नसते. जव आणि राय या धान्यांतली त्याच जातीची प्रथिनेही तितकाच त्रास देतात. किती अंश चालतो, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी दिलेले आहे: ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो चिमटीत धरता येणार नाही इतका लहान आहे आणि चौथ्या पायरीवर त्याचाच विचार करायचा आहे.

दुसरी चौकशी घरातल्यांची आणि पाहुण्यांची. सुकामेव्याची ॲलर्जी काही जणांच्या जिवावर बेतू शकते. शेंगदाणा वनस्पतिशास्त्रानुसार कडधान्यांच्या कुळातला असला, तरी त्याची ॲलर्जीही तितकीच गंभीर असते. पूड घातलेला केक दिसायला साध्या केकसारखाच असतो, त्यामुळे तो पुढे करण्यापूर्वी त्यात काय आहे ते तोंडाने सांगायलाच हवे. ज्यांना पूर्वी मूतखडे झाले आहेत त्यांनीही बदाम रोजच्या आहारात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण बदामात ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते.

२. पूड पिठासारखी का वागत नाही

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळू लागलो की ती एकमेकांत गुंतून ताणले जाणारे जाळे विणतात, आणि हेच जाळे ग्लुटेन होय. यीस्ट किंवा बेकिंग पावडरीतून निघालेला वायू त्या जाळ्यात अडकतो, पीठ फुगते आणि ओव्हनच्या उष्णतेने पिठातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट झाला की फुगलेला आकार तसाच टिकतो. म्हणजे गहू एकाच वेळी दोन कामे करतो: जाळे धरतो आणि भिंत उभी करतो.

आता शंभर ग्रॅम बदाम घ्या. त्यात सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश, २१ ग्रॅम प्रथिने आणि १२ ग्रॅम तंतू असतात, स्टार्च नावालाच. शंभर ग्रॅम मैद्यात स्निग्धांश एखादा ग्रॅम आणि स्टार्च सत्तर ग्रॅमच्या वर. बदामातली प्रथिने जाळे विणत नाहीत आणि भिंत उभी करायला स्टार्चही पुरेसा नाही. माझ्या पहिल्या केकमध्ये लोण्याच्या जोडीला बदामातलेच सव्वाशे ग्रॅम तेल आले होते आणि ते धरून ठेवणारे कोणीच नव्हते. कागद पारदर्शक झाला तो त्यामुळे.

यातून दोन नियम निघतात. गव्हाच्या पाककृतीत पूड घालायची झाली, तर लोणी किंवा तेल पाव ते एकतृतीयांशाने कमी करावे आणि दूध-पाणीही हात आखडून घालावे, कारण पूड पाणी फारसे पीत नाही. दुसरा नियम असा, की आकार धरण्याचे काम अंडी, दुसरा एखादा स्टार्च किंवा चिकट तंतू यांपैकी कोणाकडे तरी सोपवावेच लागते. याच्या जोडीला एक सवलतही मिळते. गव्हाचे मिश्रण जास्त घोटले तर केक चिवट होतो, ही भीती येथे मुळीच नाही. जपायची ती फेटलेल्या अंड्यांत भरलेली हवा.

३. कोणत्या कामाला कोणता गर

सुरुवात सोललेल्या बदामापासून करा. त्याची चव सौम्य असते, रंग फिका असतो आणि पूड बारीक पडते. सालीसकट दळलेल्या बदामाची पूड जाडसर आणि ठिपक्यांची होते. ती बिस्किटांना शोभते, पण हलक्या केकला जड पडते. कडू बदाम मात्र कधीही वापरू नका, त्यांच्यातून सायनाइड सुटते.

काजूत स्निग्धांश बदामापेक्षा थोडा कमी, सुमारे ४४ टक्के, आणि स्टार्च बऱ्यापैकी असतो. त्यामुळे काजूची पूड रस्सा किंवा सॉस दाट करायला सर्वांत भरवशाची. केकमध्येही ती बदामाच्या जागी वजनास वजन चालते, फक्त चव अधिक गोडसर लागते. हेझलनटमध्ये स्निग्धांश साठ टक्क्यांच्या आसपास, तर अक्रोडात ६५ च्या. हे दोन्ही गर नुसते वापरण्यापेक्षा निम्मे बदामाबरोबर मिसळावेत. अक्रोडाच्या सालीतल्या द्रव्यांमुळे केकचा आतला भाग करडा-जांभळा दिसू शकतो, त्याने बिघडत काही नाही. शेंगदाण्याची चव इतकी ठाम असते की ती हवी असेल तेव्हाच तो निवडावा.

चेस्टनट आणि नारळ या दोन पिठांबाबत नवख्यांची हमखास फसगत होते. चेस्टनटमध्ये स्निग्धांश अगदी थोडा आणि भर स्टार्चचा असतो, त्यामुळे त्याचे खरोखरीचे पीठच होते. नारळाचे पीठ याच्या अगदी उलट्या टोकाला जाऊन द्रव पदार्थ शोषून घेते. बदामाच्या पुडीऐवजी यांपैकी काहीही तेवढ्याच वजनाने घालता येत नाही. तेल काढून घेतलेल्या बदामाचे कोरडे पीठही हल्ली मिळते. ते पाणी जास्त पिते, म्हणून पाकिटावरचे स्निग्धांशाचे प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नका.

सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूर्यफुलाच्या बियांची पूड हा चांगला पर्याय आहे. फक्त बेकिंग सोड्याशी गाठ पडली की बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे केक आतून हिरवा होतो. मी तो बुरशी समजून फेकून दिला होता. तो खाण्याला निर्धोक असतो. सोडा कमी करून थोडा लिंबाचा रस घातला तर रंगही आटोक्यात राहतो.

४. साधने, आणि ग्लुटेनचा चोरदरवाजा

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत:

- ग्रॅम दाखवणारा वजनकाटा
- मिक्सर किंवा कॉफी दळण्याचे छोटे यंत्र
- मध्यम जाळीची चाळण
- साच्यात अंथरायचा बेकिंगचा कागद आणि वरून झाकायला ॲल्युमिनियम फॉइल
- ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा तापमापक
- घट्ट झाकणाचे डबे

वजनकाट्याला पर्याय नाही. एक कप मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरतो, तर तोच कप बदामाच्या पुडीचा ९५ ते १०० ग्रॅम; पूड दाबून भरली की हा हिशेबही बिघडतो. या लेखातली सारी मापे त्यामुळेच ग्रॅममध्ये आहेत.

माझी सर्वांत महाग पडलेली चूक दळण्यातली नव्हती, भांड्यातली होती. पूड घरी दळलेली, साखर-अंडी ताजी, तरीही केक खाल्ला की दुसऱ्या दिवशी पोट बिघडायचे. शेवटी मिक्सरच्या भांड्याचे पाते उघडले, तेव्हा त्याखालच्या रबरी वायसरच्या खोबणीत जुन्या पिठाची पांढरट, दगडासारखी झालेली कड बसलेली दिसली. वर्षानुवर्षे त्याच भांड्यात गहू दळला गेला होता. ते भांडे मी बाजूला ठेवले आणि नवे आणले. तुम्हीही पुडीसाठी भांडे, चाळण, लाकडी लाटणे आणि लाकडी चमचे वेगळे ठेवा. चाळणीच्या जाळीतले आणि लाकडाच्या भेगांतले पीठ धुऊन पूर्ण निघत नाही; स्टील आणि काच मात्र नीट धुतल्यावर पुन्हा वापरता येतात. ज्या गिरणीत गहू दळला जातो तेथे बदाम देऊ नका. विकतची पूड घेताना ‘ग्लुटेनमुक्त’ असे स्पष्ट लिहिलेलेच पाकीट निवडा, कारण बदामात ग्लुटेन नसले तरी ज्या यंत्रावर तो दळला त्या यंत्रावर असू शकते. बेकिंग पावडर आणि दळलेली साखर यांतही कधीकधी गव्हाचा स्टार्च मिसळलेला असतो, तेव्हा त्यांच्या पाकिटांवरील घटकांची यादीही वाचा.

५. पूड घरी करण्याची रीत

बदाम सोलायचे असतील तर ते उकळत्या पाण्यात एक मिनिटभरच ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि चिमटीत दाबा. साल सुटून गर बाहेर येतो. त्यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात: सोललेले बदाम कापडावर पसरून रात्रभर, किंवा १०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वीस-तीस मिनिटे, पूर्ण वाळवा. ओलसर बदामाची पूड होत नाही, गोळा होतो. हेझलनट १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजून जाड कापडात चोळले की त्यांची साल निघते. ते दळण्याआधी पूर्ण गार होऊ द्या.

दळताना शत्रू एकच, तो म्हणजे उष्णता. पाते सलग फिरले की घर्षणाने गर तापतो, पेशींमधले तेल सुटते आणि पुडीचे पाहता पाहता लोणी होते. म्हणून गर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच घ्या आणि मिक्सर दोन-तीन सेकंद चालवून थांबवा, भांडे हलवा, पुन्हा चालवा. पाककृतीतल्या साखरेपैकी दोन चमचे साखर गराबरोबरच घातली, तर ती सुटू पाहणारे तेल शोषून घेते. आठ-दहा फेऱ्यांनंतर कान द्या: सुरुवातीचा खडखडाट मंदावून आवाज दबका येऊ लागला आणि भांड्याच्या तळाच्या कोपऱ्यात पूड चिकटू लागली, की त्याच क्षणी थांबायचे. चाळून घ्या आणि चाळणीत उरलेली भरड पुढच्या घाण्यात टाका. तिला बारीक करण्याच्या हट्टाने सगळी पूड पुन्हा फिरवू नका.

६. पहिला केक असाच करा

गव्हाच्या जुन्या पाककृतीत फेरफार करण्यापेक्षा, जिच्यात पीठ मुळातच नाही अशा कृतीने हात बसवावा. स्पेनमधल्या गॅलिसियाचा सँटियागो केक बदाम, साखर आणि अंडी यांवरच उभा आहे, आणि २०१० पासून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. पुढची माझी कृती त्याच धाटणीची आहे.

साहित्य: बदामाची पूड २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी पाच, एका लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. लोणी नाही, दूध नाही.

ओव्हन १६० अंशांवर तापवा आणि २२ सेंटिमीटरच्या साच्याच्या तळाला व कडेला कागद लावा. अंड्यांतील पिवळे बलक साखरेबरोबर फिके आणि दाट होईपर्यंत फेटा, त्यात पूड, लिंबाची साल आणि मीठ मिसळा. हे मिश्रण इतके घट्ट होते की दूध घालण्याचा मोह होतो, तो आवरा. पांढरा भाग वेगळ्या, तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात फेटा. फेटणी उचलल्यावर उभे राहिलेले टोक किंचित वाकले पाहिजे. त्यातला एकतृतीयांश भाग निःसंकोच ढवळून मिश्रण सैल करा, उरलेला मात्र खालून वर अशा हलक्या हाताने दोन हप्त्यांत मिसळा. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजा.

बदाम मैद्यापेक्षा लवकर तांबूस होतो, तेव्हा पंचविसाव्या मिनिटाला आत डोकावा आणि वरचा रंग पुरेसा झाला असेल तर फॉइल सैल झाका. कोणतीही जुनी पाककृती पुडीसाठी बदलताना तिचे तापमान दहा ते पंधरा अंशांनी उतरवण्याचे कारणही हेच. काडी कोरडी निघाली तरी केक लगेच उलटा करू नका. गरम असताना तो ठिसूळ असतो आणि हातात तुटतो. साच्यातच वीस मिनिटे विसावू दिला की आकार धरतो. दुसऱ्या दिवशी तो अधिक मऊ लागतो, कारण बदामातला ओलावा आणि तेल तोवर सगळीकडे सारखे मुरते.

एक सूचना मनापासून करतो. अडीचशे ग्रॅम बदामांतच साडेचौदाशेच्या आसपास कॅलरी असतात. हा केक बारा तुकड्यांचा समजा. ग्लुटेन नाही म्हणून कितीही खावा, असा तो नाही.

७. अंडी नको असतील, तेव्हा

बिस्किटे आणि टार्टचा तळ यांना अंड्याची फारशी गरज नसते, म्हणून अंडी न खाणाऱ्यांनी तेथून आरंभ करावा. २०० ग्रॅम पूड, ४५ ग्रॅम वितळलेले लोणी आणि एक चमचा गार पाणी एकत्र करून मिश्रण साच्यात बोटांनी दाबा. लाटायला जाल तर फाटेल. १७० अंशांवर पंधरा मिनिटांत तळ तयार होतो.

इतर ठिकाणी एका अंड्याच्या बदली एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घाला. ती मिश्रण बांधते, पण फुगवत नाही. इसबगोलाचा चिकटपणा याहून ताकदीचा आहे आणि ग्लुटेनच्या जाळ्याचे थोडेफार काम तोच करू शकतो. २५० ग्रॅम कोरड्या मिश्रणाला दहा ग्रॅम पुरतो. मिश्रणात एक चतुर्थांश तांदळाचे पीठ किंवा टॅपिओका स्टार्च असेल, तर तुकडा कापताना भुगा होत नाही. यीस्टचा पाव मात्र नुसत्या पुडीचा होत नाही. त्यात पुडीचे प्रमाण एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शावर नेऊ नका. तेथे ती चव आणि मऊपणा देते, उभे राहण्याचे काम स्टार्च आणि इसबगोल करतात.

८. साठवण आणि वास

अख्ख्या गराला स्वतःची साल राखते; दळला की त्याचे तेल सर्व बाजूंनी हवेला भिडते आणि खवट होऊ लागते. अक्रोड यात सर्वांत घाईचा. म्हणून आठवड्याला लागेल तेवढीच पूड दळा, घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आणि जास्त झाली तर फ्रीजरमध्ये, जेथे ती काही महिने टिकते. वापरण्यापूर्वी चिमूटभर जिभेवर ठेवा: जुन्या तेलासारखा किंवा भिंतीच्या ताज्या रंगासारखा वास, घशाला लागणारा कडवटपणा आला, की सगळी टाकून द्या. साखर आणि लिंबाने तो झाकला जात नाही.

दळण्याआधी गर ताटात पसरून निवडणेही तितकेच आवश्यक आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे, विशेषतः शेंगदाणे आणि पिस्ते, बाजूला काढा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचे मूळ बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. ओव्हनच्या उष्णतेने ते पूर्ण नष्ट होत नाही, आणि एकदा पूड झाली की खराब दाणा वेगळा काढता येत नाही.

फ्रीजरमधला डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ गार पुडीवर जमते आणि तिचे गोळे होतात. केक करायच्या आदल्या रात्री डबा ओट्यावर काढून ठेवला की सकाळी पूड मोकळी मिळते.